म्हातारा स्टीव्ह त्या बाकावर आला कुठून?

शंकेखोर: ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ या सुपरहिरोपटात (२०१९) भूतकाळात फेरफार केल्याने आपला वर्तमान बदलत नाही, असे शास्त्रज्ञ बॅनर (हल्क) ठणकावून सांगतो. मग भूतकाळातून आणलेली शक्तिरत्ने तिथे परत ठेवायला गेलेला स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) जुनी प्रेयसी पेगीसोबत आयुष्य काढून, कालप्रवासाच्या यंत्राच्या चौथऱ्यावर न उतरता तळ्याकाठच्या बाकावर कसा दिसतो?

बारकावे: चौथरा टाळला, हाच कळीचा मुद्दा आहे; दुसऱ्या काळरेषेतून (घटनांच्या वेगळ्या प्रवाहातून) परतला असता तर चौथऱ्यावरच उतरला असता. तो याच काळरेषेत राहिला, हे पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली यांचे मत मला त्यामुळेच सरळ वाटते.

रात्रीचा_खेळ: दिग्दर्शक रुसो बंधू नेमके उलट सांगतात (लिहिणारे आणि घडवणारे यांचेच एकमत नाही, ही गंमतच!). शिवाय म्हाताऱ्या स्टीव्हने सहकारी सॅमच्या हाती दिलेली अखंड ढाल पाहा. स्टीव्हच्या ढालीचे तर खलनायक थानोसने लढाईत तुकडे केले होते, म्हणजे ही दुसऱ्या काळरेषेतून आली असावी.

शंकेखोर: ढालीचा मुद्दा बिनतोड नाही, पण स्टीव्हच्या स्वभावाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. जिवलग मित्र बकीचा छळ होतो आहे आणि शील्ड या गुप्तहेर संस्थेला हायड्रा या शत्रुसंघटनेने आतून पोखरले आहे, हे ठाऊक असूनही स्टीव्ह अनेक दशके हातावर हात ठेवून बसला, हे मला मुळीच पटत नाही.

बारकावे: हे मात्र मान्य. पटकथेचे गणित जुळते, माणूस जुळत नाही.