पॉलिस्टरच्या ताण्यात करंट, अर्थिंग असूनही

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)
कॉटनच्या ताण्याला (मागावर उभे लावायचे धागे) काही त्रास नाही. पॉलिस्टर लावलं की दुपारी धागे फाकतात, फणीपुढे फ्लफ साचतो, बीमला (ताणा गुंडाळायचा रूळ) हात लावला की चटका बसतो. वार्पिंग मशीनला (ज्यावर ताणा तयार होतो) अर्थिंग आहे. मग करंट येतो कुठून? आणि वळवाच्या विजेपासून इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणारं यंत्र) सर्किट कार्डांना हेच अर्थिंग पुरेल का?

उत्तर १
हा करंट म्हणजे स्टॅटिक, घर्षणाने साचलेला विद्युतभार. अर्थिंग लोखंडावरचा भार उतरवतं, सुतावरचा नाही. पॉलिस्टर वीजरोधक, गाईडला घासून आलेला भार धाग्यावर जिथल्या तिथे बसून राहतो. सगळ्या धाग्यांवर एकाच जातीचा भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि फाकतात. ६५ टक्के आर्द्रतेत कॉटन साधारण ८.५ टक्के पाणी धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४.

आधी ओला-कोरडा थर्मामीटर लावा. कोरडा ३४, ओला २८ म्हणजे आर्द्रता सुमारे ६४ टक्के, ठीक. ओला २२ वर आला तर ३५ टक्केच उरते. तेव्हा करंट येणारच. फरशीवर पाणी मारून भागत नाही, फॉगर (बारीक तुषार उडवणारं यंत्र) हवा. त्याला बोअरचं जड पाणी देऊ नका, नोझल क्षारांनी बुजतं. फवारा फणीवर पडला तर गंज धरतो.

उत्तर २
आर्द्रतेने निम्मं काम होईल. उरलेल्यासाठी आयोनायझर बार (सुयांमधून आयन सोडून धाग्यावरचा भार मारणारी पट्टी) लावा: फणीनंतर, ड्रमच्या आधी, धाग्यांपासून २५ ते ४० मिमीवर. बारच्या शेजारी लोखंडी रॉड ठेवू नका, आयन धाग्याऐवजी त्याच्याकडे जातात. सुयांवर फ्लफ बसला की बार चालू दिसतो, काम मात्र शून्य. दर पाळीला सप्लाय बंद करून कोरड्या नायलॉन ब्रशने सुया साफ करा. सूत घेताना स्पिन फिनिशची (धाग्यावरचा तेलकट लेप) चौकशी जरूर करा; ते कमी असेल तर बाकी सगळं करूनही त्रास राहतो.

उत्तर ३
चटक्याची जात ओळखा, हे फार महत्त्वाचं आहे. स्टॅटिकचा चटका एकदाच, टचकन. हात ठेवल्यावर झिणझिण्या चालूच राहिल्या तर तो लीकेज, म्हणजे वायरिंगमधून मशीनच्या लोखंडात उतरलेली वीज आहे. मशीन लगेच बंद करून मोटरची वायर आणि अर्थ तपासा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (लीकेज झालं की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

आकाशातल्या विजेचं मूळही भारातच आहे. ढगात उणे १० ते २० अंशांच्या थरात मऊ गारा आणि हिमकण आपटतात. गारा बहुतेक ऋण भार घेऊन खाली राहतात, हलके हिमकण धन भार घेऊन वर जातात. पण कार्डं जळतात ती लाईनमधून आलेल्या सर्जने (व्होल्टेजची अचानक उसळी), वीज थेट कारखान्यावर पडायची गरज नसते. मेन पॅनेलमध्ये सर्ज अरेस्टर (ही उसळी अर्थकडे वळवणारं साधन) लावा, त्याची वायर पॅनेलमधल्या अर्थच्या पट्टीपर्यंत अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब, वेटोळी वायर असली की अरेस्टर असूनही कार्ड जातं. जॅकार्डचा अर्थ वेगळा खड्डा करून सुटा ठेवू नका, सगळे अर्थ एकत्र जोडा. ढग गडगडू लागण्याआधीच जॅकार्डचा सप्लाय आणि डेटा केबल काढलेली बरी. नुसतं बटण बंद करून सर्ज थांबत नाही.

प्रश्नकर्ता
आयोनायझर बार सध्या फणीच्या आधी आहे, गाईड रॉडला अगदी खेटून. तो आधी हलवतो.