दुसऱ्यांदा लेसर शस्त्रक्रिया: अनुभवी सदस्यांची मदत हवी आहे

नऊ वर्षांपूर्वी लॅसिक या डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेमुळे माझा चष्मा सुटला होता. आता मात्र दोन्ही डोळ्यांना पुन्हा उणे १.२५ नंबर लागला असून, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात आणि रस्त्यावरच्या पाट्या अगदी जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी लॅसिकच्या वेळी कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) कापलेला जुना फ्लॅप, म्हणजे पातळ पापुद्रा, उचलून त्याखाली लेसर करणे किंवा फ्लॅप न उचलता कॉर्नियाच्या पृष्ठभागावरच लेसर करणे, म्हणजेच पीआरके, असे दोन पर्याय सांगितले आहेत. इतक्या वर्षांनी फ्लॅप उचलल्यास त्याखाली पृष्ठभागावरच्या पेशी शिरण्याचा धोका वाढतो, तर पीआरकेनंतर काही दिवस वेदना होतात व दृष्टी स्थिरावण्यास अधिक काळ लागतो. तरीही माझा कल पीआरकेकडेच आहे. ज्यांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांनी कोणता पर्याय निवडला आणि नंतर डोळ्यांचा कोरडेपणा कितपत वाढला, हे कृपया सविस्तर कळवावे.