आकाशाचा देव झ्यूस का युरेनस?

सीताबर्डीकर: काल पोराला घेऊन रमन सायन्स सेंटरच्या तारांगणात गेलो होतो, येताना तर्री पोहे खाता खाता त्यानं विचारलं की ग्रीक पुराणात आकाशाचा देव झ्यूस तर मग युरेनस कोण, मी आपला गप. सांगा ना कोणी.

तर्रीबाज: भाऊ, झ्यूसचा आजा आहे तो. युरेनस म्हणजे खुद्द आकाश अन् गाया म्हणजे धरती, त्याची आईबी तीच बायकोबी तीच. 12 टायटन म्हणजे जुने देव झाले, वरून 3 एकडोळे अन् 3 शंभर हातवाले, तर हा बाप पोरं नको म्हणून परत तिच्याच पोटात कोंबून ठेवे! शेवटी तिनं विळा बनवला, धाकट्या क्रोनसला दिला, त्यानं बापाचा कार्यक्रमच केला. कुठं कापलं ते पोराला नका सांगू बावा. त्या क्रोनसचा पोरगा झ्यूस.

महालवाली: युरेनस ग्रहाचंबी तसंच, 1781 मध्ये हर्शल या खगोलशास्त्रज्ञाला सापडला, नाव बोडे या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञानं सुचवलं. गुरू म्हणजे झ्यूस अन् शनी म्हणजे क्रोनस, तर गुरूचा बाप शनी, मग शनीचा बाप युरेनस. आपला वेदातला आकाशदेव द्यौस् मात्र शब्दानं झ्यूसचा भाऊ लागते.

सीताबर्डीकर: सांगितलं त्याला. आता विचारून राहिला, विळा लोखंडाचा होता का?