अंधेरी-ट्रॉम्बे बंद रेल्वेचा इतिहास शोधतोय, सुरुवात कुठून करू?

रूळवेडा_नौपाडा
नमस्कार मंडळी. मी ठाण्याचा, रेल्वेचं वेड लहानपणापासून. आपल्याकडे १६ एप्रिल आला की १८५३ ची पहिली गाडी, १४ डबे, साहिब सिंध सुलतान इंजिनं, सगळं दरवर्षी निघतं आणि निघायलाच हवं. पण याच साष्टी बेटावर जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजची मध्य रेल्वे) अजून एक लोकल चालवली होती, ट्रॉम्बे ते अंधेरी, साधारण १३ किलोमीटर, १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद, तिचं नाव काढलं तर चांगले चांगले रेल्वेवालेसुद्धा हार्बर लाइन म्हणतोयस का असं विचारतात. साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे किंवा सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे अशा दोन्ही नावांनी उल्लेख सापडतो. नेटवर जिथे बघावं तिथे तीच चार वाक्यं फिरवून फिरवून लिहिलीत, आणि विमानतळामुळे बंद पडली असं बहुतेक जण सांगतात, ते तारखांत बसतं का? मला स्टेशनं, मार्ग, वेळापत्रक आणि बंद पडायचं कारण नीट कागदावरून काढायचंय. शनिवार-रविवार मोकळा असतो, एखादी रजा टाकायचीही तयारी आहे. कोणी यावर काम केलंय का?

नकाशेवाली_वाशी
छान विषय काढलात दादा! माझ्या मते आधी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाची एक इंच एक मैलवाली जुनी शीट शोधा, नंबर ४७ ए/१६. या एका शीटमध्ये अंधेरी, कुर्ला, ट्रॉम्बे आणि तुमचं ठाणं सगळं येतं. एकच आवृत्ती बघून थांबू नका, १९२८ च्या आधीची, मधली आणि नंतरची अशा जितक्या मिळतील तितक्या घ्या, कारण रूळ उखडले तरी त्यांच्यासाठी घातलेला बांध आणि कापलेली जमीन बरीच वर्षं तशीच राहते आणि पुढच्या नकाशात ती रेघ वेगळ्या खुणेने दिसू शकते. मग क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, शिकायला एक रविवार पुरतो) जुनी शीट आजच्या सॅटेलाइटवर बसवायची, चर्च, तलाव, स्टेशनं अशा न हललेल्या जागा धरून. रेल्वेला काटकोनात वळता येत नाही ना, म्हणून आजूबाजूचे सगळे प्लॉट चौकोनी आणि मध्येच एक कुंपण किंवा गल्ली संथ वळण घेत चाललीय असं दिसलं की तिथे थांबून बघायचं. हे काम फार गुंतवून टाकतं, मी पनवेलच्या बाजूच्या जुन्या रस्त्यांसाठी केलंय, रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.

कलिनाकडची
कुर्ल्यापासून कलिनाच्या बाजूला जो सीएसटी रोड आहे तो याच सेंट्रल साल्सेट ट्रॅमवेचा, सीएसटी म्हणतात त्या व्हीटी स्टेशनशी त्याचा काही संबंध नाही. रिक्षावाल्यांना सांगून सांगून थकले मी.
विमानतळाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, तारखा जुळत नाहीत. गाडी बंद झाली १९३४ ला. तेव्हा मुंबईची विमानं जुहूला उतरायची, सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, म्हणजे गाडी बंद झाल्यावर काही वर्षांनी आलेली. नंतर विमानतळाने जुन्या मार्गाची जमीन घेतली असेल तर ती वेगळी गोष्ट, पण त्याला बंद पडायचं कारण म्हणता येत नाही. उलट कारण शोधायचं तर १९२९ नंतरची मंदी, प्रवासी किती होते, मालाचं भाडं किती मिळत होतं हे बघावं लागेल, आणि ते कागदातच सापडेल.

निवृत्त_गार्डकाका
बाळा, कागद कुठे बघायचे ते सांगतो. १ जुलै १९२५ ला जीआयपीचा कारभार सरकारने हातात घेतला, ही गोष्ट तुझ्या फायद्याची आहे, कारण ही लाइन त्यानंतरची. म्हणजे हिशेब खाजगी कंपनीपुरता न राहता रेल्वे बोर्डाच्या वार्षिक अहवालात आणि दिल्लीतल्या रेल्वे बजेटच्या कागदांत यायला हवा. १९२७ ते १९३५ पर्यंतचे अहवाल ओळीने चाळ, उघडल्याची नोंद आणि बंद केल्याची नोंद दोन्ही बघ, आणि मधल्या वर्षांचं उत्पन्न-खर्च सोडू नकोस, लोक फक्त पहिलं आणि शेवटचं वर्ष बघतात आणि खरी कहाणी मध्ये असते. स्टेशनांची नावं हवी असतील तर त्या काळचं न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ हे वेळापत्रकाचं पुस्तक बघ, त्यात थांबे, वेळा, अंतर सगळं छापलेलं असायचं.
आणि एक, ही लाइन एकटी बघू नकोस. कुर्ला-चेंबूर रूळ १९०६ ला शहरातला कचरा वाहायला टाकले होते, प्रवासी त्यावर १९२४ ला आले. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी-कुर्ला हार्बरवर पहिली विजेची गाडी. १९२८ च्या जानेवारीत बीबीसीआयची (आजची पश्चिम रेल्वे) कुलाबा-बोरिवली विजेवर. म्हणजे उपनगरं वाढणार म्हणून दोन्ही कंपन्या धडाधड पैसा घालत होत्या, त्या जोशात ही आडवी लाइन झालेली दिसते. दोन उभ्या लाइनींना जोडणारी आडवी गाडी, किती पुढचा विचार होता तो! ती गेल्यावर पूर्वेकडून थेट अंधेरीला आडवी गाडी मिळायला घाटकोपरची मेट्रो यावी लागली, २०१४.

सातबारा_ठाणे
महसूल खात्याच्या बाजूने थोडं. १९२० पर्यंत कुर्ला, अंधेरी, ट्रॉम्बे हे सगळं आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं, मग मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे गावांचे जुने सर्व्हे नंबर आणि मोजणीचे कागद ठाण्याच्या दप्तरात शोधायचे, पण रेल्वेसाठी जमीन घेतली ती बहुधा १९२० नंतर, म्हणून भूसंपादनाच्या फायली उपनगरच्या बाजूला, बांद्र्याला. बरेच जण इथेच चुकीच्या ऑफिसात चकरा मारतात. सोपा रस्ता असा की आधी मुंबई सरकारच्या राजपत्रात १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या अधिसूचना बघा, त्यात गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र सगळं येतं, आणि एकेक गाव जोडत गेलात की मार्गच हातात येतो. राजपत्रं काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात बघा. आधी अर्ज करून, ओळखपत्र घेऊन जा, आणि कामाच्या दिवशीच, शनिवारचं आधी विचारून घ्या. रूळ काढल्यावर जमीन कोणाच्या नावावर गेली ते फेरफारात सापडतं.

रूळवेडा_नौपाडा
काका, ताई, सगळ्यांचेच आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. राजपत्रापासून सुरू करतो आणि ताईंच्या शीटवर गावं लावत जातो. मराठी पेपर पण बघणार आहे, नवाकाळ १९२३ पासूनचा आहे म्हणजे ही सहा वर्षं त्यात येतात, आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, तिथे आधी विचारतो काय काय जपलंय ते.

कलिनाकडची
पेपर बघताना फक्त रेल्वेच्या बातम्या बघू नका, वाचकांची पत्रं पण बघा, गाडी बंद होताना तक्रारी तिथेच येतात. आणि ट्रॉम्बे कोळीवाडा, कलिना, मरोळ, सहार इथल्या गावठाणांतून फिरायला हवं, आज नव्वदीत असलेल्यांनी आई-वडिलांकडून ऐकलेलं असेल, आणि हे काम कागदांच्या आधी करा, फायली थांबतील पण माणसं थांबणार नाहीत. कलिना आणि सहारला मी येते सोबत, ओळखी आहेत.

नकाशेवाली_वाशी
शीट मिळाली की स्कॅन ६०० डीपीआयवर करा, मोबाइलचा फोटो नको, कडा वाकतात. जिओरेफरन्सिंग, म्हणजे शीट सॅटेलाइटवर बसवायचं काम, मी करून देते.