मुलांच्या कॉलेज गोल्फ संघात मुलगी: टी कुठली, सराव कसला?

करवीर_फेअरवे
नमस्कार मंडळी. कोल्हापूरची एक विद्यार्थिनी पुढच्या वर्षी अमेरिकेत शिकायला निघाली आहे, हँडिकॅप ४ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, साधारण चार जास्त). त्या कॉलेजात गोल्फचा संघ फक्त मुलांचा. तिला निवड चाचणी देता येईल का? टी (पहिला फटका मारायची जागा; मुलींची पुढे, मुलांची मागे) कुठली मिळेल? आत्तापासून कशाचा सराव घ्यावा?

पंचगंगाकाठ
चाचणी देता येते. शिक्षणात लिंगभेद नको सांगणाऱ्या १९७२ च्या अमेरिकन टायटल नाइन कायद्याखाली १९७५ मध्ये नियम आले. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजात एखाद्या खेळाचा मुलींचा संघ नसेल आणि मुलींना आजवर कमी संधी मिळाली असेल, तर त्यांना मुलांच्या संघाची चाचणी देऊ द्यावी लागते. कुस्ती, बॉक्सिंग, बास्केटबॉल असे अंगाला अंग भिडणारे खेळ तेवढे वगळलेत. हक्क चाचणीचा आहे हं, जागा गुणांवरच मिळते. नावाजलेली अमेरिकन गोल्फपटू नॅन्सी लोपेझ रॉसवेलच्या गोडार्ड हायस्कूलमध्ये मुलांच्याच संघातून खेळली. पुढे १९७८ मध्ये तिने एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या) सलग ५ स्पर्धा जिंकल्या.

मागची_टी
टी मुलांचीच धरून चाला. कॉलेज गोल्फमध्ये हँडिकॅप वजा होत नाही, नुसते फटके मोजतात. पाच जण खेळतात, चौघांचे कमी स्कोअर धरतात. त्यामुळे पुढच्या टीवरून आलेला ४ हँडिकॅप इथे फसवा ठरतो. अमेरिकन गोल्फपटू सूझी व्हेली सुमारे १० टक्के जवळच्या टीवरून खेळून पुरुषांच्या स्पर्धेला पात्र ठरली होती. २००३ च्या ग्रेटर हार्टफर्ड ओपनमध्ये पुरुषांच्या टीवरून तिला ७५ आणि ७८ लागले. प्रशिक्षकाला स्कोअरकार्ड पाठवताना प्रत्येक फेरीच्या कोर्सची लांबी यार्डांत आणि कोर्स रेटिंग (कोर्स किती अवघड तो आकडा) लिहा, नाहीतर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

हायब्रिड_२२
खरी अडचण दुसऱ्या फटक्याची आहे. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा) वेग ताशी ९४ मैल असेल तर चेंडू हवेतून साधारण २१८ यार्ड जातो. एलपीजीएची सरासरी याच्या आसपास. ४३० यार्डांच्या पार ४ (चार फटक्यांच्या) होलवर घरंगळणं धरून २३३ झाले, उरले जवळजवळ २००. म्हणजे हातात ३ वूड, लांब पल्ल्याचा क्लब. लांब मारणाऱ्या मुलाला तिथे १४० च उरतात, तो ९ आयर्न, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा क्लब काढतो. शिवाय वूडचा चेंडू सपाट उतरतो, ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक छाटलेल्या गवतावर) थांबत नाही, मागे निघून जातो. मग पुढच्या वेळी मुली आणखी जोरात मारायला बघतात आणि स्विंगची लय मोडते. तिथेच फेरी हातची जाते.

उपाय असा. ३ आणि ४ आयर्न पिशवीतून काढा, ५ वूड, ७ वूड आणि एक हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) घाला. एकूण १४ क्लबच्या वर जाऊ नका. ७ वूड उंच जातो आणि उभा उतरतो. लांब होलवर झेंडा विसरून ग्रीनच्या तोंडाआधी २० यार्डांवर चेंडू पाडायचा. तोंडावर बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर ८० यार्ड राखून थांबायचं. रोजचा अर्धा वेळ ३० ते ६० यार्डांच्या पिचला (उंच उडवायच्या छोट्या फटक्याला) आणि ६ फुटांच्या पटला (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्याला) द्या, कारण पार वाचणार ती तिथेच. आठवड्यातल्या दोन फेऱ्या मागच्या टीवरूनच खेळू द्या. सुरुवातीला स्कोअर फुगेल, फुगू दे. स्पर्धेत अनेकदा एका दिवसात ३६ होल चालत खेळावे लागतात, तेव्हा पिशवी खांद्यावर घेऊन चालायची सवयही हवी.

करवीर_फेअरवे
पावसाळ्यात इथे चेंडू अजिबात घरंगळत नाही. मग अंतरं कशी धरायची?

हायब्रिड_२२
फक्त हवेतलं अंतर लिहा, प्रत्येक क्लबचे १० चेंडू, मधल्या सहांची सरासरी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे चेंडू दोनेक टक्के जास्त जातो. कॉलेज समुद्रकाठी असेल तर २०० यार्डांमागे ४ वजा करा.