सहा चेंबर, पण गोळ्या पाचच?

जंगलात ट्रेकला जुन्या पद्धतीचं सिंगल अॅक्शन (दर बाराआधी हॅमर, म्हणजे मागचा घोडा, हाताने ओढावा लागणारं) रिव्हॉल्व्हर, १८७३ च्या कोल्टसारखं, कमरेला लावून नेतो, सहाही चेंबर (गोळ्यांची घरं) भरले तर चालतं का?

— नको रे बाबा! यात फायरिंग पिन (गोळीवर आपटून बार उडवणारी सुई) हॅमरलाच असते आणि ती थेट गोळीच्या टोपीवर (मागच्या ठिणगी देणाऱ्या भागावर) टेकते, दगडावर पडलं की बार उडू शकतो. हॅमरखालचं चेंबर रिकामंच ठेव. एक भर, एक सोड, चार भर, मग हॅमर पूर्ण ओढून हळूच खाली सोड, आणि रिकामंच खाली आलंय ना हे डोळ्यांनी बघ.

— सेफ्टी नॉचवर (हॅमर गोळीपासून जरा मागे अडवून धरणाऱ्या खाचेवर) भरवसा नको, आपटल्यावर तो तुटतो.

— रुगर कंपनीच्या १९७३ नंतरच्या मॉडेलात ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढला तरच हॅमरचा घाव पिनेपर्यंत पोचवणारी पट्टी) आहे, त्यात सहा चालतात. होल्स्टरला हॅमरवरची पट्टी मात्र हवीच, नाहीतर रिव्हॉल्व्हर झुडपात अडकून पडतं.