इंडक्शनचा आयजीबीटी दोनदा उडाला, मूळ दोष कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

घरात एक बर्नरचा इंडक्शन आहे, २००० वॅटचा, चार वर्षं रोज वापरातला. मागच्या महिन्यात दूध उतू गेलं, आतून फट्‌ आवाज आला आणि एमसीबी पडला. (दूध ठेवून मी फोनवर बसलो होतो. त्याबद्दलचं बोलणं घरी ऐकून झालंय, इथे नको.) दुकानात दिला तर फ्यूज आणि आयजीबीटी (कॉइलचा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर) बदलून ६५० रुपये घेतले. नवव्या दिवशी, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत, पुन्हा तेच. आता दुकानदार म्हणतो बोर्डच बदला, १४०० होतील. म्हणून शेवटी स्वतःच उघडला.

आत दूध कुठेच नाही. झुरळांची अंडी मात्र हीटसिंकच्या (आयजीबीटी गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) फटीत ओळीने चिकटलेली. काचेचा फ्यूज आतून काळा ठिक्कर. आयजीबीटीवर एच२०आर१२०३ लिहिलंय, काढून मीटर लावला तर कलेक्टर-एमिटर (करंट वाहणारे दोन पाय) दोन्ही बाजूंनी बीप, गेटसुद्धा (चालू-बंदचा इशारा घेणारा पाय) शॉर्ट. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) चांगला निघाला. काचेखालचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) गार असताना ९५ किलोओहमच्या आसपास दाखवतो. कॉइल कुठे जळालेली दिसत नाही.

प्रश्न एवढाच: नवा आयजीबीटी टाकायच्या आधी काय काय तपासू? तिसरा उडवायची इच्छा नाही.

प्रतिसाद

नवीन घ्या, डोक्याला ताप कशाला?

प्रतिसाद

दादा, दुधाला उगाच बोल लावताय. आयजीबीटी मेला हा परिणाम झाला, मारणारा दुसराच असतो. दुकानात बहुतेक वेळा मेलेला बदलतात आणि मारेकरी बोर्डावर तसाच राहतो.

माझा पहिला संशय रेझोनन्स कपॅसिटरवर. कॉइलच्या दोन टोकांना समांतर जोडलेला मोठा डबा, त्यावर ०.२७ ते ०.३३ मायक्रोफॅरड आणि १२०० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असेल. बोर्डावर असताना मोजू नका, काढून मोजा. उष्णतेने याचे मायक्रोफॅरड हळूहळू घटतात. आयजीबीटी बंद झाला की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा याच कपॅसिटरमध्ये जाते. कपॅसिटर लहान झाला तर तेवढ्याच ऊर्जेला व्होल्टेज जास्त चढतं, आणि १२०० व्होल्ट सोसणारा आयजीबीटी एक दिवस फुटतो. पाणी गरम करताना चालेल, कुकरला पूर्ण पॉवर दिली की जाईल. तुमचं वर्णन तसंच आहे. शेजारचा ५ मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटरही लगे हाथ मोजून घ्या.

मग गेटची बाजू. आयजीबीटी न लावता, सिरीज बल्बवर (म्हणजे मेनच्या एका वायरमध्ये मधे बल्ब जोडून) मशीन चालू करा. बल्ब १०० वॅटचा, जुना पिवळा तारेचा. एलईडी चालत नाही. डिस्प्ले आला की १८ आणि ५ व्होल्टचा सप्लाय बघा. स्टँडबायला गेटच्या जागी जवळजवळ शून्य हवं. तिथे १८ ठाण मांडून बसले असतील तर ८०५०-८५५० ही ट्रान्झिस्टरची जोडी गेली समजा, नवा आयजीबीटी लावताक्षणी उडणार.

आणि हे नीट वाचा: हा बोर्ड मेनपासून वेगळा नसतो. निगेटिव्हलाही हात लावायचा नाही. चालू असताना आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, प्लग काढल्यावरही कपॅसिटर आधी बल्बने रिकामा करायचा, मगच बोट जवळ न्यायचं.

आयजीबीटी आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट दुकानदाराने नवी लावली होती का?

प्रतिसाद (धागाकर्ता)

पेस्ट कसली! जुनीच, खडूसारखी सुकलेली, नखाने पापुद्रे निघाले.

माझ्या मीटरला कपॅसिटन्सची रेंज नाही. गल्लीच्या टोकाला पंख्याच्या मोटारी भरून देणारे काका आहेत, त्यांच्याकडे रेझोनन्स कपॅसिटर नेला. छापलेलं ०.३, मीटरवर ०.१९. काकांनी दोनदा मोजला, मग न बोलता कपॅसिटर माझ्या हातात ठेवला. ५ वाला ठीक आहे, ४.८ आला. गेटवर शून्य, १८ आणि ५ दोन्ही सप्लाय बरोबर.

नवा आयजीबीटी, रेझोनन्स कपॅसिटर, फ्यूज आणि पेस्ट मिळून २८० रुपये गेले. अंडी ब्रशने साफ केली. सिरीजवर भांडं ठेवून चालू केलं तर बल्ब लुकलुकत राहिला, एकसारखा पेटून राहिला नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग बल्ब काढून थेट लावला, पूर्ण पॉवरवर चार लिटर पाणी उकळलं, पाठोपाठ कुकरच्या पाच शिट्ट्या. अजून तरी शांत आहे.

दादा, खूप आभार. धागा इतक्यात बंद समजू नका, नववा दिवस पुढच्या मंगळवारी आहे.